उघड्या डोक्यांची थंडी

वांगी निकालाआधी भाजू नयेत, हे मी आमच्या कॉलनीतल्या पोरांना दरवर्षी सांगते. ऐकतो कोण? परवा क्रिकेटचा तो मोठा सामना होता. धुळ्यात थंडी नुकती कुठं बाळसं धरत होती. गच्चीवर पडदा लावलेला, खाली कंपाउंडच्या कोपऱ्यात तुरीच्या काड्यांचा जाळ, आणि त्यात दुपारपासूनच हिरवीगार वांगी टाकलेली. जिंकलो की भरीत पार्टी, असा बेत. फटाक्यांची पिशवी जिन्यात तयार होती. मग जे व्हायचं ते झालं. पडद्यावर दुसरेच लोक नाचायला लागले आणि आमची पोरं खुर्च्यांवर बसल्या जागी मुकी झाली. एकानं तर अंगातला निळा शर्ट काढून घडी घालून मांडीवर ठेवला. भाजलेली वांगी परातीत निवत पडलेली, त्यांच्याकडे बघायलाही कुणी तयार नाही.

मला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. भाजलेल्या वांग्याचा तो धुरकट वास आणि हरलेल्या माणसांची शांतता, या दोन गोष्टी मी एकत्र पूर्वीही एकदा अनुभवल्या आहेत. पोरांना म्हटलं, "आणा ती परात इकडे, भरीत मी करते." आणि वांग्याची सालं काढता काढता मी धुळ्याच्या गच्चीवरून उठून थेट दोंडाईच्याच्या मैदानात जाऊन बसले.

माझं माहेर दोंडाईच्याजवळचं. गाव एवढंसं, पण कबड्डीचं वेड मात्र तालुक्याला पुरून उरेल इतकं. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा उरकली की आमच्याकडे थंडीला खरा रंग चढायचा. कापूस वेचून होत आलेला असायचा, पोरांच्या हातांना काम कमी आणि पायांना खाज जास्त. संध्याकाळी खळ्यावर चुन्याच्या रेघा पडायच्या. "कबड्डी कबड्डी"चा तो घुमणारा आवाज मारुतीच्या पारापर्यंत यायचा आणि भाकरी थापता थापता बायकासुद्धा ओळखायच्या, की ही चढाई दगडूभाऊची. त्याचा दम म्हणजे दम होता. एकदा श्वास घेतला की समोरच्या सातांना खेळवून, एकाला हात लावून, मागं येऊन वर हसायलाही त्याच्याकडे हवा उरायची. दगडूभाऊ पिठाची गिरणी चालवायचा. पीठ खाऊन खाऊन याची छाती फुगली आहे, असं बायका म्हणायच्या.

दोंडाईच्याला दर थंडीत मोठे सामने भरत. पंचक्रोशीतले संघ येत, तापीपलीकडूनही येत. बक्षीस म्हणजे एक फिरती ढाल. लाकडी, मधे पितळेचा पत्रा, भोवती जिंकलेल्या गावांच्या नावांच्या छोट्या चकत्या. वर्षभर ती जिंकणाऱ्या गावात राहायची आणि पुढच्या थंडीत परत मैदानात यायची. त्या चकत्यांमध्ये आमच्या गावाचं नाव नव्हतं. अंतिम सामन्यापर्यंत आम्ही जायचो आणि तिथं काशी व्हायची.

माझे वडील, आबा, खेळाडू नव्हते. आयुष्यात त्यांनी एकदा चढाई केली होती म्हणे, आणि रेघ ओलांडायच्या आधीच धोतरात पाय अडकून पडले होते. पण प्रेक्षक म्हणाल तर त्यांच्यासारखा दुसरा नाही. सामना मैदानात चालायचा आणि दम आबांचा कोंडायचा. दगडूभाऊ परत येईपर्यंत हेही श्वास सोडायचे नाहीत. आम्ही बाजूला बसून त्यांच्या पाठीवर थापट्या मारायचो.

माझं लग्न ठरायच्या आदल्या थंडीत आपण हरलो, तेव्हा आबांनी मैदानातच डोक्यावरची टोपी काढली आणि मांडवाच्या खांबाला अडकवून दिली. म्हणाले, "ढाल गावमा येस नही, तोवर डोकावर टोपी नही." आणि तसेच उघड्या डोक्यानं घरी आले. आमच्याकडे कर्ता पुरुष उघड्या डोक्यानं फिरतो तो फक्त मयतीला. मायनं दारातून त्यांना पाहिलं आणि हातातली कळशी खाली ठेवून विचारलं, "काय व्हयनं? कोन गया?" खरं कारण कळल्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लोकांना वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण आबा उन्हाळ्यात डोक्याला ओलं फडकंसुद्धा बांधेनात. टाळू रापून तांब्याच्या भांड्यासारखी झाली. बाजारात कुणी चिडवलं की तेच मान खाली घालून डोकं दाखवायचे आणि म्हणायचे, बघून घे, पुढच्या थंडीपर्यंतच आहे.

आणि नेमकं त्याच पुढच्या थंडीत माझं लग्न ठरलं. सामने पौषात, लग्न माघात. मुलगा तापीपलीकडचा, शहाद्याकडे सोसायटीत कारकून. गाव कुठलं, तर दरवर्षी अंतिम सामन्यात आमच्या पोरांच्या छातीवर बसणारं. आबांनी मुलगा पसंत केला, पण परत येताना एसटीत मला हळूच म्हणाले, "पोऱ्या चांगला शे. कबड्डी खेयस नही, हाई एक बरं शे." आमच्या ह्यांना कबड्डीतलं ओ का ठो कळत नव्हतं, अजूनही कळत नाही.

आता घरात एकच घोर. ढाल आली तर आबा माझ्या लग्नात फेटा बांधणार, नाही आली तर उघड्या डोक्यानं उभे राहणार. माय उठता बसता तेच बोलायची. "पोरना लगनमा उघडा डोकाना बाप चांगला दिसी का?" आबा म्हणायचे, "ढाल ई राहिनी, तू फेटा आनी ठेव." मायनं खरंच आणून ठेवला, गुलाबी, जरीच्या काठाचा. मी तो ट्रंकेतून काढून बघायची आणि परत ठेवायची. मला माझ्या शालूचं एवढं नव्हतं. मला आबांना त्या फेट्यात बघायचं होतं. माझ्या लग्नाच्या सगळ्या स्वप्नांत नवरा दिसायचा तो पाठमोरा, आणि आबा दिसायचे ते समोरून, गुलाबी फेट्यात.

ती थंडी काय सांगू! नुसती अंगात भिनली होती. दगडूभाऊ पहाटे तापीच्या काठानं धावायचा आणि त्याच्या मागं अर्धं गाव, स्वेटर नाहीत म्हणून गोधड्या पांघरून. गिरणीवर दळण टाकायला गेलेली बाई आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करायची, मग पायली पुढं करायची. संघाला कुणी दूध पाठवायचं, कुणी शेंगदाण्याचे लाडू. एकेक सामना जिंकत आपण अंतिम सामन्यापर्यंत गेलो, आणि समोर कोण, तर माझं होणारं सासर. मला बायका चिडवायच्या, तू कुणाकडून ओरडशील? मी म्हणायचे, अजून हळद लागलेली नाही, लागली की बघू.

त्या दिवशी गाव ओस पडलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं दोंडाईच्याला निघाली. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या बायांना सांगून ठेवलं होतं, दिवस कलला की वांगी भाजायला घ्या, आम्ही ढाल घेऊन येतो. हीच ती चूक. पण तेव्हा कुणाला सुचणार?

दोंडाईच्याला तो मिरचीचा हंगाम. मैदानाच्या पलीकडे मिरचीच्या लाल पथाऱ्या उन्हात पसरलेल्या, डोळे दिपतील अशा. वारा फिरला की हजारभर माणसं एकदम शिंकायची. ढोल, शिट्ट्या, धूळ, आणि मधूनच ही शिंकांची लाट. सामना असा रंगला की बसलेलं कुणी बसलेलं राहिलं नाही. एक गुण त्यांचा, एक आपला. मी घसा फुटेपर्यंत ओरडले. समोरच्या बाजूला माझे होणारे सासरे, नाना, जरीचा पटका बांधून बसले होते. होणारी सून गळ्याच्या शिरा ताणून त्यांच्या पोरांना शिव्या घालते आहे, हे त्यांनी पाहिलं आणि पटक्याचा शेव तोंडावर धरून ते हसले. तेव्हाच मला सासर आवडलं.

शेवटची चढाई दगडूभाऊची. दोन्हीकडे गुण सारखे. तो गेला, डावा कोपरा हलवला, उजव्याला हात लावला आणि वळला. दोघांनी त्याला कमरेत धरलं. तो त्यांना ओढत, रांगत, मधल्या रेघेकडे सरकत होता. आबा माझ्या शेजारी उभे होते, श्वास कोंडून, लालबुंद. दगडूभाऊचं बोट रेघेला लागलं. आमच्या बाजूला आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. आणि पंचानं हात दुसरीकडे केला. त्याचं म्हणणं, रेघेला हात लागण्याआधी दम तुटला होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पलीकडे गुलाल उडाला. दगडूभाऊ रेघेवर पालथा पडलेला, बोट अजून रेघेवरच. आबांनी कोंडलेला श्वास सोडला तो किती वेळ सोडतच राहिले. ट्रॉल्या गावाकडे वळल्या. ढोलवाल्यानं ढोल मांडीवर घेतला होता आणि खड्ड्यात ट्रॉली आदळली की तो आपोआप वाजायचा, तेव्हा त्यानं त्याच्यावर दोन्ही हात ठेवले.

गावात शिरलो तर सगळीकडे भाजल्या वांग्यांचा वास. म्हाताऱ्या बायांनी लाकडी काठवटींत भरीत कुटून ठेवलं होतं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांचा ढीग. त्यांनी आमची तोंडं पाहिली. नुसत्या पत्रावळी मांडत गेल्या. भूक कुणालाच नव्हती, पण खळ्यावर सगळे बसले, कारण घरी जाऊन तरी काय करणार? पहिल्या घासाला कुणीतरी नाक ओढलं. म्हणालं, "मिरची जास्त व्हयनी." दुसरा म्हणाला, "हा भो, डोयाले पानी उनं." मग पंगतीच्या पंगती डोळे पुसायला लागल्या. मिशीवाले, पैलवान, पोलीस पाटील, सगळे. मी चाखून पाहिलं, मिरची नेहमीइतकीच होती.

दगडूभाऊ पंगतीच्या टोकाला नुसता बसला होता. आबा त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "आबा, मना दम तुटना नव्हता." आबा म्हणाले, "माले माहीत शे. जेव आते." आणि स्वतःच्या हातानं पुरीचा घास करून त्याच्या तोंडात घातला.

परवा गच्चीवर मी मिरची मात्र खरंच जास्त घातली. पोरं जेवायला बसली, आणि तो शर्ट काढून ठेवलेला पोरगा म्हणाला, "काकू, फार तिखट झालंय हो." मी म्हटलं, "खा, पाणी येऊ दे डोळ्यांतून." हळूहळू त्यांच्या तोंडाला कुलपं होती ती उघडली. नाणेफेक चुकली, तो चेंडू सोडायला हवा होता, पंच आंधळा होता. मला बरं वाटलं. माणूस पंचाला शिव्या द्यायला लागला की समजावं, ताप उतरतो आहे.

आमच्या गावातही तसंच झालं. दोन दिवस दुकानं उघडी असून गिऱ्हाईक नव्हतं. मग कारणं शोधणं सुरू झालं. एक म्हणाला, वाऱ्यानं मिरचीची धूळ उडाली म्हणून दम तुटला. समोरच्यांच्या नाकाला ती का लागली नाही, असं विचारणारा एक निघाला, त्याला पारावरून उठवून लावलं. शेवटी दगडूभाऊनं आदल्या दिवशी सासुरवाडीहून आलेला पेरू खाल्ल्याचं उघडकीला आलं. झालं. पेरूनं घसा धरला, यावर गावाचं एकमत झालं. त्या थंडीत आमच्या गावात पेरूवाला आला तसा परत गेला. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही, की आपलं काय चुकलं.

आबांचं डोकं मात्र अजून उघडंच होतं. लग्न तोंडावर आलेलं. मायनं हात जोडून झाले, नातेवाइकांनी समजावून झालं. मी फक्त एकदा तो गुलाबी फेटा ट्रंकेतून काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला, काठ निरखला आणि म्हणाले, "तू सांगशी तर घालसू, पोर." मला हो म्हणायचं होतं. जीव तोडून हो म्हणायचं होतं. पण ज्या माणसानं दगडूभाऊला घास भरवला होता, त्याला मी कुठल्या तोंडानं ढाल विसरा असं सांगू? मी फेटा उचलला आणि परत ट्रंकेत ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी दगडूभाऊ मांडवात कामाला आला, तर उघड्या डोक्यानं. त्याच्या मागून सुतार आला, तोही तसाच. मग पोलीस पाटील. कुणी ठरवलं नव्हतं, निदान मला तरी कुणी सांगितलं नाही. वऱ्हाड यायच्या वेळेला गावातल्या एकाही पुरुषाच्या डोक्यावर ना टोपी होती ना पटका. काळी, पांढरी, टकली, तेल लावलेली, सगळी डोकी थंडीत उघडी. मी खिडकीतून बघत होते आणि माझी हळद ओघळत होती.

तिकडून वऱ्हाड वाजतगाजत आमच्या दारासमोर आलं. समोर स्वागताला उभी असलेली ती उघडी डोकी पाहिली आणि बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. बायकांनी डोक्यावरचे पदर पुढं ओढले. घोडा जागीच उभा. नाना पुढं झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "व्याही, गावमा कोन गया?"

आबा म्हणाले, "कोनी नही गया. ढाल गई. ती तुमना घर शे."

नानांनी आबांच्या रापलेल्या टाळूकडे पाहिलं. मग त्यांना सगळं उमगलं. पण पेच आता पुढं होता. व्याहीभेटीत मुलाचा बाप मुलीच्या बापाच्या डोक्यावर टोपी ठेवतो, खांद्यावर टॉवेल टाकतो, हातात नारळ देतो, मग दोघं गळ्यात गळा घालून भेटतात. ती टोपी नाकारणं म्हणजे सोयरिकीचा अपमान. आणि घेणं म्हणजे आबांचं पंधरवड्यापूर्वी मोडलेलं मन पुन्हा मोडणं. नानांच्या माणसानं ताट पुढं केलं. टोपी, टॉवेल, नारळ. आबांनी डोळे मिटून मान खाली केली. खिडकीत शेजारी उभ्या मायनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

नानांनी टोपीला हात लावला नाही. त्यांनी आधी स्वतःचा जरीचा पटका उतरवला आणि काखेत धरला. मग टॉवेल टाकला, नारळ दिला, आणि दोन्ही व्याही उघड्या डोक्यांनी भेटले. पलीकडच्या गावच्या माणसांनी ते पाहिलं आणि एकेक करून त्यांच्याही टोप्या उतरल्या. जिंकलेल्यांच्या. बँडवाल्याला कुणी सांगावं लागलं नाही, त्यानं असा काही ठेका धरला की घोडा बुजला आणि आमचे हे पडता पडता वाचले.

लग्न लागल्यावर नानांनी ती टोपी माझ्या ओटीत घातली. म्हणाले, "ढाल तुमना गावमा उनी, का तूच घाल बापना डोकावर. तोवर तुनाजोडे राहू दे." सासरी मी पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा माझ्या ट्रंकेत माहेरचा गुलाबी फेटा नव्हता, सासरची कोरी टोपी होती.

पुढच्या वर्षी आपण पुन्हा हरलो. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग पोरं कामाला सुरतला गेली, संघ मोडला, दगडूभाऊची कंबर धरली. आबा थंडीत कान झाकायला मफलर बांधायचे, डोकं तेवढं मोकळं. मी दर थंडीत टोपी उन्हात ठेवायची, झटकायची, परत ठेवायची. आणि एके थंडीत, तेव्हा आमची बदली धुळ्याला झालेली होती, माहेराहून दुकानातल्या फोनवर निरोप आला, की ढाल आली.

दोंडाईच्याला मुलींचे सामने सुरू झाले होते, आणि ढाल जिंकून आणली होती आमच्या गावच्या शाळेतल्या पोरींनी. चढाईला दगडूभाऊची धाकटी लेक. माझ्या लग्नात ती माझ्या शेल्याशी खेळणारी चिमुरडी होती. मी टोपी पिशवीत घालून मिळेल ती एसटी धरली. पोचले तर पारावर वाद पेटलेला. "पोरीस्नी ढाल धरतस का कोनी?" असं दोघातिघांचं म्हणणं. आबा काठी टेकत आले, ढालीवरच्या चकत्या नाकाला लावून वाचल्या, नव्या चकतीवर आपल्या गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ढाल ती ढाल." वाद मिटला.

मी सगळ्यांसमोर टोपी काढली आणि आबांच्या डोक्यावर ठेवली. ती सरळ भुवयांवर उतरली. एवढ्या वर्षांत आबा आटले होते, टोपी तेवढीच राहिली होती. आधी आबा हसले, मग सगळा पार हसला, आणि दगडूभाऊ मात्र भरीत नसताना, मिरची नसताना, उघड उघड रडला. त्या संध्याकाळी आबा दोन्ही हातांनी टोपी सावरत गावभर फिरले. ज्यानं त्यानं राम राम केला, की ते टोपी थोडी वर उचलून उत्तर द्यायचे. त्यांना मी इतकं ऐटीत कधी पाहिलं नाही.

सकाळी मी परत निघाले. आबा मला एसटीवर घालवायला आले, उघड्या डोक्यानं. मी काही विचारायच्या आत त्यांनी रुमालात गुंडाळलेली टोपी माझ्या हातात दिली.

"फिरती ढाल शे, पोर," ते म्हणाले. "पुढला साल परत देनी पडी. टोपी तुनाजोडेच राहू दे."

गाडी सुटली तेव्हा ते थांब्यावर उभे होते, आणि खळ्याच्या बाजूनं पोरींच्या चढाईचा आवाज येत होता.